रस्सीखेच, भोवरा, जेगी: सेऊल ऑलिंपिकची चांदीची नाणी घेताना

1988 च्या सेऊल ऑलिंपिकनिमित्त बँक ऑफ कोरियाने काढलेल्या 5000 वॉनच्या काही चांदीच्या नाण्यांवर कोरियातले लोकखेळ आहेत: रस्सीखेच, भोवरे फिरवणारी मुले आणि पायाने जेगी उडवण्याचा खेळ. जुन्या, भोक असलेल्या नाण्यात कागद ओवून त्याच्या झिरमिळ्या कापल्या की जेगी तयार. नाण्यापासून बनणारे खेळणे नाण्यावर आले, म्हणून या संचातले आमचे सर्वांत आवडते हेच.

5000 वॉनचे वजन 16.81 ग्रॅम, व्यास 32 मिलिमीटर, चांदी 925 (म्हणजे 1000 भागांत 925 भाग चांदी). त्याच संचातले 10000 वॉनचे नाणे 33.62 ग्रॅमचे. नाणे सुटे असेल तर 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. चुंबकावर विसंबू नका. त्याने लोखंडासारखे चुंबकाला चिकटणारे धातूच पकडले जातात. तांबे-निकेलचे बनावट नाणे सहज निसटते.

खरी परीक्षा पाण्याची. डिस्टिल्ड पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. बारीक दोऱ्याने नाणे कडेला बांधून पूर्ण बुडेल असे लोंबकळत धरा. 5000 वॉनला साधारण 1.62 ग्रॅम दिसायला हवेत. 1.88 च्या आसपास आले तर ते तांबे-निकेल समजा. नाणे तळाला टेकले किंवा त्याला बुडबुडे चिकटले की आकडा फुगतो आणि अस्सल नाण्यावरही संशय येतो. तेव्हा दोनदा मोजा. मग मऊ सुती कापडावर ठेवून पाणी नुसते टिपा, पुसू नका. प्रूफ नाणे (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेले) मूळ कॅप्सूलमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या डबीत, बंद असेल तर ही परीक्षा करूच नका. त्याची आरशासारखी पार्श्वभूमी एका बोटाच्या ठशानेही कायमची बिघडते.

देवघरातली चांदी आपण विभूतीने किंवा टूथपावडरने घासतो. इथे ती सवय आवरा. काळेपणा हा चांदी आणि गंधक यांच्या संयुगाचा थर असतो. तो घासताना नाण्यावर ओरखडे उठतात आणि किंमत उतरते. नाणे हिरवट, चिकट झाले असेल तर दोष पीव्हीसीच्या (मऊ प्लॅस्टिकच्या) पाकिटाचा. ते शुद्ध अॅसिटोनमध्ये (नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही) काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, आगीपासून दूर बुडवा.

रबरबँड, लोकर, साधा पुठ्ठा यांतून गंधक सुटते, म्हणून ते जवळ नको. कोकणात, मुंबईत पावसाळ्याआधी डब्यातली सिलिका जेलची पुडी बदलून टाका.