नापोकाठच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून जायचंय? आधी सुट्ट्या कधी ते विचारा

पहिल्यांदा मी इक्वाडोरला गेले ती जुलैत. मध्यस्थ संस्थेला पैसे भरलेले, पाढ्यांची कार्डं रात्री जागून कापलेली, आणि ॲमेझॉनच्या जंगलातल्या नापो नदीकाठच्या त्या किचवा आदिवासींच्या गावात उतरले तर शाळेला कुलूप! तिथे शाळांची दोन वेळापत्रकं आहेत. किनारपट्टीचं वर्ष एप्रिल-मेच्या सुमारास सुरू होतं, डोंगराळ भागाचं आणि ॲमेझॉनचं सप्टेंबरात. जुलै-ऑगस्ट म्हणजे जंगलातल्या शाळांची मोठी सुट्टी. मला कुणी सांगितलं नाही हे खरं, पण जन्मभर मास्तरकी केलेल्या बाईला हे विचारायचं सुचू नये?

तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा: शाळा कधी उघडी असते? स्वयंसेवक हवा असं नेमकं कोण म्हणालं, शिक्षक, गावसभा की फक्त संस्था? आधीच्या माणसानं काय काम केलं आणि त्यातलं आज काय उरलंय? माझ्या पैशातले ज्या घरी मी राहणार त्यांना किती मिळतात? मुलांमध्ये काम करायचं असूनही तुमच्याकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला कुणी मागत नसेल, तर ती संस्था सोडा. व्हिसाचं वकिलातीलाच विचारा; पर्यटक म्हणून जाऊन शाळेत शिकवता येईल असं धरून चालू नका.

पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते. पिवळं कार्ड, म्हणजे लसीचा दाखला, जपून ठेवा, कारण परतताना भारतातल्या विमानतळावर ते दाखवता आलं नाही तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवू शकतात. चलन अमेरिकन डॉलर, सन 2000 पासून. एक आणि पाचच्या नोटा न्या, शंभरची नोट गावात कागदासारखीच. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट तेना गावात मिळतात. कपडे कमी न्या, तसेही ते वाळत नाहीत.

शिकवण्याबद्दल माझं मत थोडं कडू आहे. चार आठवड्यांसाठी आलेल्या माणसानं फळ्यासमोर उभं राहून रंगांची इंग्रजी नावं घोकून घ्यायची, ती मुलांनी मागच्या पाहुण्याकडूनही घोकलेली असतात. अशा शाळांत बऱ्याचदा एकच शिक्षक तीन-चार इयत्ता सांभाळतो. दुसऱ्या खेपेला मी तिथल्या शिक्षकांनाच विचारलं, "तुमचा हात कुठे अडतो?" मग रोज सकाळी ते धाकट्यांना वाचायला शिकवत आणि मी मागच्या बाकांवर मोठ्यांचा भागाकार घेई. त्यासाठी कामापुरती स्पॅनिश हवीच. किचवा भाषेतलं "आली पुंचा" म्हणजे सुप्रभात, हे माझ्या तोंडून ऐकून पोरं पोट धरून हसायची.

आता शाळेतलं दुसरं काम, रोपवाटिका. तिथे गुआबाची झाडं लावतात; गुआबा म्हणजे पेरू नव्हे, शेंगांचं झाड. त्याची शेंग हातभर लांब, आत कापसासारखा गोड पांढरा गर. मुलं तो चोखतात आणि काळ्या बिया थुंकतात. पहिल्यांदा मी त्या बिया धुऊन, वाळवून डबीत भरल्या. शहाणपणा! गुआबाची बी वाळली की मेली. कित्येक बियांना तर शेंगेतच मोड आलेला असतो. त्यामुळे मधल्या सुट्टीत खाल्लेली शेंग त्याच दुपारी मातीच्या पिशवीत गेली पाहिजे. झाड भराभर वाढतं, मुळांवाटे जमिनीला नत्र देतं आणि कोकोला सावली धरतं, म्हणून ते किचवांच्या चाक्रात, म्हणजे मिश्र शेतात, हमखास असतं.

रोपं लावायला सगळे हौशीनं येतात, फोटोही तेव्हाच निघतात. रोपं मरतात ती पुढे, गवतात गुदमरून. पहिली दोन वर्षं भोवतीचं गवत कोयत्यानं काढावं लागतं. तुम्हाला निवड असेल तर लावणी सोडा, साफसफाईच्या मिंगाला जा. मिंगा म्हणजे सगळ्या गावानं मिळून करायचं काम. मध्येच युकाची चिचा, म्हणजे कंदाचं आंबवलेलं पेय, फिरते. वाडगा हातात घ्या, निदान ओठ लावा.

तेलावर भाषण मात्र देऊ नका. 20 ऑगस्ट 2023 च्या सार्वमतात देशातल्या सुमारे 59 टक्के मतदारांनी यासुनी या राष्ट्रीय उद्यानातल्या एका पट्ट्यातलं तेल जमिनीतच ठेवा असं सांगितलं, पण तेलाच्याच ओरेयाना प्रांतात बहुमत उलट होतं. तुम्ही ज्या घरात जेवता त्या घरचा मुलगा तेलकंपनीत मजुरीला असू शकतो.

निघण्याआधी एक वही करा. रोपांच्या ओळींना नंबर द्या आणि ती वही शाळेतल्याच कुणाकडे सोपवा. माझी वही सहावीतल्या एका मुलीकडे होती. पुढच्या वर्षी गेले तेव्हा तिसऱ्या ओळीपुढे तिनं स्पॅनिशमध्ये लिहिलेलं सापडलं: "कोंबड्यांनी उकरली. परत लावली."