थ्रेड वाढवले तरी वेग वाढेना? मेमरीच्या लॉकवरची गर्दी अशी कमी करा

लिनक्स सर्व्हरवर थ्रेड (एकाच प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या वाटा) दुप्पट केले आणि कामाचा वेग जागचा हलला नाही, तर कर्नलमधलं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं) मेमरीचं लॉक तपासून बघा. एका प्रोसेसचे सगळे थ्रेड एकच अ‍ॅड्रेस स्पेस (मेमरीच्या पत्त्यांचा नकाशा) वापरतात आणि ती सांभाळतं ते 'एममॅप लॉक'. ते वाचनासाठी एकाच वेळी अनेकांना मिळतं. एममॅप (मेमरी मागणं), एमअनमॅप (ती परत देणं) आणि एमप्रोटेक्ट (तिच्या परवानग्या बदलणं) हे कर्नलचे कॉल मात्र ते लिहिण्यासाठी घेतात आणि तेवढा वेळ इतरांना थांबावं लागतं. लॉक बदलणं आपल्या हातात नसतं, पण तिथे किती वेळा जायचं हे बऱ्याच अंशी असतं.

१. आधी मोजा. लिनक्सच्या 'परफ' या मोजणीच्या साधनाची 'परफ रेकॉर्ड' आज्ञा कॉल-स्टॅकसह (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं ती साखळी) चालवा. नावात 'आरडब्ल्यूसेम' (एममॅप लॉक ज्या प्रकारचं असतं तो प्रकार) आणि 'स्लोपाथ' असलेली फंक्शन्स वर दिसली आणि स्टॅकमध्ये एममॅप किंवा पेज फॉल्ट (वापरायला घेतलेलं पान अजून जोडलेलं नसल्याने कर्नलला मध्ये पडावं लागणं) असला, तर संशय खरा. इथे थ्रेड बरेचदा झोपून वाट बघतात, म्हणून सीपीयू मोकळा दिसतो आणि लोक भलतीकडेच शोधत बसतात. सीपीयू मात्र कर्नलमध्येच जळत असेल आणि स्पिनलॉक (थ्रेड न झोपता फिरत राहून ज्याची वाट बघतो ते लॉक) वर दिसत असेल, तर मामला वेगळा. तो पाचव्या पायरीत. कुठलं लॉक किती वेळ अडवतंय हे 'परफ लॉक कंटेन्शन' थेट सांगतं.

२. मॅलॉककडे, म्हणजे प्रोग्रॅमला मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे बघा. खरं दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं. जीलिबसीमध्ये (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) १२८ केबीपासून मोठी मागणी सुरुवातीला एममॅपने भागवली जाते आणि फ्री करताच एमअनमॅप होतो. असा तुकडा एकदा मोकळा झाला की ही मर्यादा आपोआप वर सरकते, पण ६४-बिट यंत्रणेवर ३२ एमबीपर्यंतच. त्याहून मोठे बफर प्रत्येक विनंतीला घ्याल-सोडाल, तर दरवेळी दोनदा लिहिण्याचं लॉक लागणार. शिवाय एमअनमॅपनंतर इतर कोअरमधल्या टीएलबीतल्या (पत्त्यांच्या भाषांतराचा छोटा कॅश) जुन्या नोंदी पुसाव्या लागतात, तो खर्च वेगळाच. असे बफर एकदाच घेऊन पुन्हापुन्हा वापरा.

ही मर्यादा हाताने ठरवली की तिचं आपोआप सरकणं बंद होतं. कुठून तरी उचललेली सेटिंग तशीच चिकटवणारे नेमके इथे फसतात. दुय्यम अरेना (मॅलॉकने थ्रेडसाठी ठेवलेले जादा मेमरी-साठे) वाढतानाही एमप्रोटेक्ट होतो, हे सहसा लक्षात येत नाही. जेईमॅलॉक किंवा टीसीमॅलॉक हे मॅलॉकचे पर्याय लावून बघायला कोड बदलावा लागत नाही, म्हणून तो प्रयोग लवकर करा.

३. पत्ता ठेवा, पानं परत करा. मेमरी परत द्यायचीच असेल, तर एमअनमॅपऐवजी एमअ‍ॅडव्हाइजचा 'डोंटनीड' (ही पानं आता नकोत, असं कर्नलला सांगणं) वापरा; त्याला लिहिण्याचं लॉक लागत नाही. त्या जागेला पुन्हा हात लावला की पेज फॉल्ट येतील, तेव्हा लगेच लागणाऱ्या मेमरीवर हा उपाय नको.

४. फॉल्ट कमी करा. १ जीबी मेमरी ४ केबीच्या पानांनी भरायला २,६२,१४४ फॉल्ट लागतात. २ एमबीच्या ह्यूज पेजने ५१२. मोठ्या, सलग वापराच्या भागांवर ह्यूज पेज मागा, किंवा प्रोग्रॅम सुरू होतानाच एममॅपच्या 'मॅप पॉप्युलेट' पर्यायाने पानं भरून घ्या. विरळ वापराच्या मेमरीत ह्यूज पेजने रॅम वाया जाते.

५. कर्नल तपासा. ६.४ आवृत्तीपासून (२०२३) प्रत्येक व्हीएमएला (मेमरीच्या नकाशातला एक सलग भाग) स्वतःचं लॉक मिळालं, त्यामुळे बरेच फॉल्ट एममॅप लॉकला हातही न लावता निभावतात. ५.११ मध्ये एलआरयू लॉक (पानांच्या अलीकडच्या वापराच्या याद्या सांभाळणारं स्पिनलॉक) प्रत्येक मेमरी सीग्रुपसाठी (मेमरीची मर्यादा एकत्र लावलेला प्रोसेसचा गट) वेगळं झालं. या आवृत्त्यांआधीच्या कर्नलवर असाल, तर बाकी खटाटोपाआधी अपग्रेडच करून बघा. स्पिनलॉक झोनचं (मोकळी पानं वाटणारा रॅमचा विभाग) निघालं, तर 'परसीपीयू पेजलिस्ट हाय फ्रॅक्शन' ही सिसीटीएल (कर्नलची सेटिंग) वापरून प्रत्येक सीपीयूचा मोकळ्या पानांचा साठा वाढवता येतो.

६. देखरेखीची साधनं. प्रॉकमधली (कर्नलची माहिती दाखवणारं फोल्डर) 'एसमॅप्स' ही प्रोसेसच्या मेमरीचा तपशील देणारी फाइल वाचतानाही एममॅप लॉक घेतलं जातं आणि हजारो व्हीएमए असतील तर वाचन लांबतं. दर सेकंदाला ती वाचणारा एजंट असेल, तर वाचनं कमी करा. नुसते आकडे हवे असतील, तर तिथलीच 'स्टेटएम' फाइल पुरते.

एका वेळी एकच बदल करा आणि पहिल्या पायरीची मोजणी त्याच लोडखाली पुन्हा घ्या. एवढं करूनही गर्दी हटली नाही, तर काम थ्रेडऐवजी अनेक प्रोसेसमध्ये वाटा. प्रत्येक प्रोसेसचं एममॅप लॉक स्वतंत्र असतं. सामायिक डेटासाठी मात्र शेअर्ड मेमरीची जुळवाजुळव करावी लागते.