कॉम्प्युटरमध्ये शिरलेला मोबाइल बाहेर कसा काढावा

विंडोज ११ असलेला नवा लॅपटॉप उघडला की मोबाइलच मोठा करून समोर ठेवल्यासारखं वाटतं. आयकॉन मधोमध, दोन ओळींत ऐसपैस जागा, स्क्रोलबार गायब आणि राइट क्लिक केलं तर अर्धाच मेनू.

हे सगळं बोटासाठी आखलेलं आहे. बोटाचं टोक साधारण सेंटिमीटरभर रुंद, म्हणून अ‍ॅपल बटणासाठी किमान ४४ पॉइंट जागा सुचवतं, तर गूगल अँड्रॉइडवर ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरची मापं). त्यात फोनचा स्क्रीन छोटा, मग उरलेलं लपवावंच लागतं. माउसचा बाण मात्र नेमक्या पिक्सेलवर टेकतो. तरी २०११ साली अ‍ॅपलने मॅकवर स्क्रोलबार लपवले आणि स्क्रोलची दिशा आयफोनसारखी केली. २०१२ मध्ये विंडोज ८ने तर स्टार्ट बटणच काढून टाकलं. लोक इतके वैतागले की पुढच्याच वर्षी ८.१मध्ये बटण परत आणावं लागलं आणि २०१५ला विंडोज १०मध्ये स्टार्ट मेनूही परतला.

आवरायला बसण्याआधी माझा नियम सांगतो: मोठं केलेलं एक वेळ राहू द्या, लपवलेलं आधी बाहेर काढा.

१. स्क्रोलबार कायम दिसू द्या. सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स. तिथे ‘ऑलवेज शो स्क्रोलबार्स’ चालू करा. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या अपिअरन्समध्ये ‘शो स्क्रोल बार्स’ला ‘ऑलवेज’ निवडा. यादी अजून किती खाली उरली आहे, हे न हलवता कळायला हवं.

२. टास्कबारचे (स्क्रीनच्या तळाच्या पट्टीचे) आयकॉन डावीकडे न्या. टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, टास्कबार बिहेवियर्स. अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करा. हा निव्वळ जुन्या सवयीचा हट्ट नाही. मधोमध ठेवलेलं स्टार्ट बटण टास्कबारवर नवा आयकॉन आला की थोडं डावीकडे सरकतं. डावीकडे लावलं की जागचं हलत नाही. त्याच पानावर ‘कम्बाइन टास्कबार बटन्स’ला ‘नेव्हर’ केलं की आयकॉनशेजारी फाइलचं नावही दिसतं. वर्डच्या चार फाइली उघड्या असतात तेव्हा याची किंमत कळते. (विंडोज ११च्या पहिल्या आवृत्त्यांत ही सोय नव्हती, त्यामुळे दिसत नसेल तर अपडेट करा.)

३. पूर्ण मेनू मागवा. शिफ्ट दाबून राइट क्लिक करा. ‘शो मोअर ऑप्शन्स’चा हेलपाटा वाचतो.

४. मोकळी जागा आवळा. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग ‘कॉम्पॅक्ट व्ह्यू’. जीमेलमध्ये वरच्या चक्रावर क्लिक करून डेन्सिटी ‘कॉम्पॅक्ट’ करा. वर्ड-एक्सेलची बटणं विरळ दिसत असतील, तर क्विक अ‍ॅक्सेस टूलबारच्या (छोट्या बटणांच्या पट्टीच्या) बाणातून ‘टच/माउस मोड’ आणा आणि ‘माउस’ निवडा. मात्र टचस्क्रीनचा लॅपटॉप असेल किंवा घरातलं वयस्कर माणूस तोच वापरत असेल, तर ही पायरी सोडून द्या. तिथे ऐसपैस बटणंच बरी.

५. स्क्रोलची दिशा ठरवा. विंडोजवर ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, टचपॅड, ‘स्क्रोल अँड झूम’. मॅकवर ‘नॅचरल स्क्रोलिंग’ बंद करा. पण तिथे माउस आणि ट्रॅकपॅडची दिशा एकत्रच बदलते, हे ध्यानात ठेवा.

६. वेबसाइटचा मेनू उलगडा. हे कोणत्याही सेटिंगमध्ये सापडत नाही. कित्येक साइट विंडोची रुंदी पाहून मांडणी ठरवतात. दोन विंडो शेजारी लावल्या किंवा झूम वाढवला की साइटला वाटतं, समोर फोनच आहे. मग सगळा मेनू तीन आडव्या रेघांत गुंडाळला जातो. (गंमत म्हणजे या रेघा मोबाइलच्या नाहीतच. नॉर्म कॉक्स यांनी त्या १९८१च्या झेरॉक्स स्टार या कॉम्प्युटरसाठी काढल्या होत्या.) अशा वेळी कंट्रोल दाबून वजाचं बटण दोन-तीनदा दाबा. झूम कमी होताच साइटच्या लेखी विंडो रुंद होते आणि बहुतेक वेळा मेनू वर पूर्ण उघडा दिसतो. अक्षरं फारच बारीक झाली, तर कंट्रोल आणि शून्य दाबून पूर्ववत करा.