‘दादर आलं’ म्हणजे काय? लक्षणा ओळखताना या चुका टाळा

लोकलच्या दारात कुणीतरी म्हणतं, “दादर आलं.” दादर जागचं हलत नाही, आलेली असते गाडी. शब्दाचा नेहमीचा अर्थ अडतो आणि त्याच्याशी नातं असलेला दुसरा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. मुंबईकराला तिचं उदाहरण शोधायला याहून लांब जायला नको. तरी परीक्षेत शब्दशक्तीच्या (शब्द अर्थ कसा देतो, त्याच्या) प्रश्नात मार्क जातात ते इथेच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वरवरच्या अर्थामागे दुसरा अर्थ दिसला, की लगेच ‘लक्षणा’ लिहून मोकळं होणं. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 11व्या शतकात सांगितलेल्या तीन अटी क्रमाने लावून बघा. वाक्य घ्या: ‘विसर्जनाच्या रात्री सगळी चाळ जागी होती.’ चाळ ही इमारत, ती कशी जागेल? नेहमीचा अर्थ अडला, हा मुख्यार्थबाध. इमारत आणि तिच्यात राहणारी माणसं, हे दोन अर्थांमधलं नातं, हा तद्योग. आणि ‘रहिवासी’ऐवजी ‘चाळ’ म्हटल्याने एकही बिऱ्हाड झोपलं नाही हे ठसतं, हे प्रयोजन. प्रयोजन नसेल तर रूढी तरी हवी: “ए रिक्षा!” ही हाक चालकाला असते, पण त्यात कुणाला काही साधायचं नसतं. तशी सवयच पडली आहे.

पहिलीच अट लागू होत नसेल, तर व्यंजना, म्हणजे शब्दांपलीकडचा अर्थ प्रसंगातून सुचवणारी शक्ती, तपासा. “नऊ वाजले” म्हटलं तेव्हा घड्याळात खरोखरच नऊ वाजलेले असतात. वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, कुठे अडत नाही. तेच आईने म्हटलं तर ‘डबा उचल, 9.18 चुकेल’ आणि दुकानदाराने नोकराला म्हटलं तर ‘शटर ओढ’.

मेख पुढेच आहे. एकाच वाक्यात दोन्ही असू शकतात. दारात अडून उभ्या असलेल्याला मागचा माणूस “दादर आलं” म्हणतो, तेव्हा ‘आलं’मधली लक्षणा तशीच राहते आणि तिच्यावर ‘सरका, उतरू द्या’ ही व्यंजना चढते. म्हणून उत्तरात नुसतं वाक्य उतरवून नाव देऊ नका. लक्षणा असेल तर कोणत्या शब्दात, व्यंजना असेल तर कोण कुणाला आणि कधी म्हणतंय, तेही लिहा.

व्युत्पत्तीला लक्षणा समजू नका. ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला, म्हणून शेंगदाण्याचं तेल लाक्षणिक ठरत नाही. आज तो त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे. ‘कुशल’ म्हणजे मूळचा कुश (दर्भ) तोडणारा, म्हणून मम्मटाने तिथे लक्षणा मानली होती. 14व्या शतकात विश्वनाथ या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने ते खोडून काढलं: शब्द बनतो एका कारणाने, वापरला जातो दुसऱ्या. इथे विश्वनाथाचंच पटतं. (लक्षणा आणि लक्षण, व्यंजना आणि व्यंजन यांची गल्लत मात्र निव्वळ घाईची, पेपर देण्याआधी एकदा नजर फिरवा.)

परीक्षेबाहेर लक्षणा नडते ती सोसायटीच्या नोटिशीत. ‘प्रत्येक फ्लॅटने रंगकामाचे 2,000 रुपये भरावेत.’ बोलताना चालतं. पण फ्लॅट म्हणजे मालक की भाडेकरू? दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि वसुली रखडते. तिथे सरळ अभिधेत, म्हणजे शब्दांच्या नेहमीच्या अर्थात, लिहा: ‘प्रत्येक सभासदाने, फ्लॅट भाड्याने दिला असला तरी, स्वतः 2,000 रुपये भरावेत.’