लग्नसराईत ऑटिस्टिक लेकरू सोबत न्यायचंय? मग एवढं करा

एप्रिल-मे आला की घरात पत्रिकांचा ढीग पडतो आणि ज्यांच्याकडं ऑटिस्टिक म्हणजे स्वमग्न लेकरू आहे त्यांच्यात दरवेळी तीच चर्चा, न्यायचं का आज्जीपाशी ठेवून जायचं. माझं म्हणणं न्यायचं. पण सगळ्या लग्नांना नाही आणि पूर्ण लग्नभर तर अजिबात नाही. माझा पोरगा बोलतो कमी अन् कान लई तिखट, त्याला घेऊन परभणी-सेलू-जिंतूरकडची बरीच लग्नं केली, त्यातलं कामाचं तेवढं सांगते.

पहिलं वेळेचं बघा. पत्रिकेत १२:३५ छापलेलं असतं, पण परण्या म्हणजे नवरदेवाची मिरवणूक मारुतीपासून निघणार, डीजेपुढं पोरं नाचणार, मग स्टेजवर पुढाऱ्यांचे सत्कार अन् भाषणं, अक्षता पडेस्तोवर दोन वाजतात. एवढा वेळ ४२ डिग्रीत मोठ्या माणसाला निघत नाही तर लेकरू काय बसणार. त्यापेक्षा सकाळी नऊलाच जा. मांडव रिकामा असतो, पोरं खुर्च्या लावत असतात, लेकराला आरामात फिरवून बाथरूम कुठंय, शांत खोली कुठंय ते दाखवता येतं, नवरीला घरातच भेटता येतं. आचाऱ्याला सांगितलं की तो आधी ताट वाढून देतो, कुणी नाही म्हणत नाही. तरी डबा सोबत ठेवाच, पंगतीतलं वरण रोजच्यासारखं लागलं नाही तर आमचा शिवत पण नाही, आणि त्याच्यावरून मांडवात ओढाताण करायची नसते.

आदल्या दिवशी मोबाईलमधे फोटो लावून दाखवायचे, आपलं घर, गाडी, मांडव, जेवण आणि शेवटी परत आपलं घर. तो शेवटचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा, कारण हे संपणार आहे हे कळलं की निम्मी भीती जाते. कपडे नवेच पाहिजेत असं काही नाही. जरीची शेरवानी टोचते, मानेचं लेबल टोचतं, जुना धुतलेला टी-शर्ट बेस्ट, नातेवाईक काय म्हणतील ते म्हणू द्या.

आता आवाज. ग्राइंडरवाले कानाला लावतात तसले इअरमफ हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, घरी मिक्सर लावला की रोज थोडं थोडं घालायची सवय लावा, ऐन मांडवात पहिल्यांदा घातले तर काढून फेकतं लेकरू. पण डीजेची धडधड छातीत जाते, तिला इअरमफचा उपयोग नाही, तिथं लांब जाणं हाच इलाज. आणि मंगलाष्टकात "तदेव लग्नं" ऐकू आलं की लगेच उठायचं, कारण त्याच्यानंतर बँड, फटाके, टाळ्या अन् डोक्यावर तांदळाचा मारा सगळं एकदमच होतं. लग्न लागताना समोरच पाहिजे असा कुठं नियम नाही, लांब रस्त्यावरून पण आशीर्वाद पोचतो.

हे मात्र नीट वाचा. शेतातलं लग्न असेल तर गेल्या गेल्या विहीर अन् शेततळं कुठंय ते बघून ठेवा. बऱ्याच ऑटिस्टिक लेकरांना पाण्याची ओढ असते आणि गर्दीतून ती न सांगता निघून जातात. शेततळ्याचं प्लास्टिक इतकं निसरडं असतं की पोहता येणाऱ्या माणसाला पण वर येता येत नाही. "सगळे आहेत की बघायला" म्हणजे कुणीच बघत नाही. म्हणून एका वेळी एकच माणूस जबाबदार, आणि दुसऱ्याकडं देताना तोंडानं म्हणायचं "आता तुझ्याकडं", समोरच्यानं "हो" म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. लेकराच्या खिशात आपल्या फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

एवढं करूनही कधी सगळं असह्य होतं अन् लेकरू किंचाळतं, आडवं पडतं. हा हट्ट नसतो, डोक्यात मावेना झालेलं असतं, त्यामुळं रागावून किंवा चॉकलेट दाखवून थांबत नाही. एकाच माणसानं खोलीत न्यायचं, कमी बोलायचं, प्रश्न विचारायचे नाहीत, वाट बघायची. दाराशी एक खमका मामा उभा करा, त्याचं काम फक्त बघ्यांना हाकलणं आणि मोबाईल खाली करायला लावणं.

बाया विचारतातच, अजून बोलत नाही का, कुणाची नजर लागली का, लशीनं झालं का, मोबाईलनं झालं का. मी एकच उत्तर ठेवलंय, "मावशी, त्याच्या मेंदूची घडणच जन्मापासून अशी आहे, लशीनं होत नाही अन् आईच्या चुकीनं पण होत नाही." वाद घालत बसू नका, जेवण थंड होतं. ज्यांना खरंच मदत करायचीय त्यांना सांगा, गाल ओढू नका, पाया पडायला लावू नका, नजरेला नजर दिली नाही तरी त्याला ऐकू येतं, म्हणून त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलू नका.

मोठं पोरगं-पोरगी असेल तर आधी त्यालाच विचारा, नाही म्हटलं तर नाही. हो म्हटलं तर काम द्या, आमच्या नात्यातला एक ऑटिस्टिक पोरगा आहेराची यादी लिहितो, आकड्याची चूक होत नाही.

मांडवात कुणीतरी हळूच बाजूला घेऊन दिव्यांग सर्टिफिकेटचं विचारतंच. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी दवाखान्यात. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचा पण.

दुसरा दिवस पूर्ण मोकळा ठेवा, लेकराची झोप बिघडलेली असते. पूजेला बोलावलं तर घरातलं एकजण जाऊन प्रसाद घेऊन या.