‘हौ’ ऐकून फोन ठेवू नका

मे महिन्यातली दुपार. नागपूरजवळच्या वाडीतलं माझ्या भाच्याचं गोदाम. पत्रा असा तापलेला की शटर ओढायचं तर हाताला दुपट्टा गुंडाळावा लागतो. भाच्यानं शहरातल्या बर्डीवरून हमालांच्या मुकादमाला फोन केला, "वो चंद्रपूर का कल वाला माल चढ़ा दो." मुकादम म्हणाला, "हौ." अर्ध्या मिनिटात बोलणं आटोपलं.

भाच्याच्या मनातला ‘कल’ म्हणजे उद्या. उद्या चंद्रपूरला पोचवायचा ओआरएस आणि ग्लुकोजचा नवा माल. मुकादमाच्या मनातला ‘कल’ म्हणजे काल. काल चंद्रपूरहूनच परत आलेल्या, मुदत संपत आलेल्या पेट्यांची थप्पी शटरपाशीच होती. त्या 140 पेट्या चढल्या, रात्री गाडी निघाली आणि आपणच परत केलेला माल सकाळी पुन्हा आपल्या दारात आलेला त्या दुकानदारानं पाहिला. तो फोनवर काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दीडशे किलोमीटर जाण्या-येण्याचं भाडं आणि दोनदा हमाली, एवढा हिशेब कागदावर झाला. त्यानंतर जे झालं ते कुठल्याच वहीत आलं नाही. मुकादम तीन दिवस भाच्याशी बोलला नाही. बिलं करणारी पोरं प्रत्येक निरोपाचा स्क्रीनशॉट काढून ठेवू लागली. काही विचारलं की "मी तर सांगितलं होतं नं" हे उत्तर तयार. मला विचाराल तर टीम बिघडल्याची हीच खरी खूण. माणसं काम कमी करतात आणि पुरावे जास्त गोळा करतात.

मी या धंद्यातला नाही. चौतीस वर्षं रेल्वेत होतो, त्यातली बरीचशी काटोल-नरखेडकडच्या लहान स्टेशनांवर स्टेशन मास्तर म्हणून. निवृत्त झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, घरी बसून काय करता, गोदामावर या." तेव्हापासून बावीस जणांचा मी मामा आहे. (ज्या गोदामात सगळे ‘मामा’ म्हणतात तिथं आपलाच मामा होऊ नये, एवढी काळजी घ्यावी लागते.) चंद्रपूरच्या गाडीनंतर भाच्यानं मला विचारलं, "तुमच्याकडे दोन गाड्या एका रुळावर येत नाहीत, ते कसं जमवता?" पुढचं सगळं त्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुमचं गोदाम नसून दवाखाना, छापखाना किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतलं युनिट असलं तरी चालेल.

आधी ‘हौ’चा बंदोबस्त

आपल्याकडच्या ‘हौ’चे निदान तीन अर्थ होतात. एक, तुमचा आवाज आला. दोन, तुम्ही म्हणता ते कळलं. तीन, मी ते करतो. सांगणारा नेहमी तिसरा अर्थ धरतो. ऐकणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा पहिलाच असतो, कारण त्याच्या डोक्यावर पेटी असते आणि फोन खांद्यात दाबलेला असतो.

रेल्वेत ‘हौ’ चालत नाही. फाटकावरच्या गेटमनला मी फोन करायचो, अमुक गाडी येतेय, फाटक लाव. तो फाटक लावायचा आणि मला प्रायव्हेट नंबर द्यायचा. दोन आकडी नंबर. त्याच्याकडे छापील कागद असतो, त्यावर हे नंबर उलटसुलट क्रमानं दिलेले असतात. एकदा दिलेला नंबर तो खोडतो. मी तो माझ्या रजिस्टरात लिहायचो आणि मगच पुढं सिग्नल. शेजारच्या स्टेशनकडून लाइन क्लिअर, म्हणजे तिकडं गाडी सोडायची परवानगी, घेतानाही असाच नंबर लागतो.

यातली मेख अशी की तो नंबर मला ठाऊक नसतो. मनानं लिहून टाकू म्हटलं तरी जमणार नाही. समोरच्या माणसाला कागदापाशी जाऊन, बघून, तोंडानं सांगावाच लागतो. म्हणजे फोनवर तो आहे, जागा आहे आणि काम करून बोलतोय, हे तिन्ही एका नंबरात येतं.

गोदामात छापील कागद कुठून आणणार? आम्ही पेटीवरचं लेबल वापरलं. प्रत्येक लेबलवर बिलाचा नंबर असतो. फोनवर माल सांगायचा, पण बिलाचे शेवटचे दोन आकडे सांगायचे नाहीत. मुकादम थप्पीपाशी जातो, लेबल वाचतो आणि ते दोन आकडे आपल्याला सांगतो. जुळले तर शटर वर. नाही जुळले तर गाडी उभी. चंद्रपूरच्या दिवशी हे असतं तर दहा सेकंदात भांडं फुटलं असतं.

तुमच्याकडे लेबल नसेल तर दुसरं काही शोधा. मशीनवरचं रीडिंग, रुग्णाच्या केसपेपरचा नंबर, प्लेट बनवायच्या फाइलची शेवटची तारीख. अट एकच. ते उत्तर सांगणाऱ्याकडून ऐकून देता येऊ नये, कामापाशी जाऊनच मिळावं.

परत म्हणायला लावायचं कसं

नंबर सगळीकडे जमत नाही. तिथं निदान निरोप परत म्हणवून घ्या. "समजलं का?" हा प्रश्न मात्र आजच सोडून द्या. त्याचं उत्तर कायम ‘हौ’च असतं. साहेबापुढं ‘नाही समजलं’ कोण म्हणणार? त्याऐवजी विचारा, "मग आता आधी काय करशील?" हा प्रश्न विचारला की ऐकणाऱ्याचे गोंधळ आपोआप बाहेर येतात.

सुरुवातीला विरोध होतोच. आमच्या एका जुन्या ड्रायव्हरनं तोंडावर सांगितलं, "मामा, हे काय शाळा आहे का बे?" मी त्याला सांगितलं, मोठमोठ्या गाड्यांच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा असिस्टंट सिग्नल दिसला की तो हिरवा की पिवळा हे हात दाखवून एकमेकांना मोठ्यानं सांगतात. दोघांनाही दिसतोय, तरी बोलतात. तो गप्प झाला, पटलं नाही. पटलं तेव्हा, जेव्हा भाच्याचा प्रत्येक निरोप मी स्वतः सगळ्यांदेखत परत म्हणू लागलो. वयानं आणि हुद्द्यानं मोठ्यानं आधी म्हणावं, मग खालच्याला त्यात अपमान वाटत नाही. हे उलट्या क्रमानं करू गेलात तर आठवड्यात सगळं बंद पडेल.

आणखी एक. परत म्हणणारा माणूस तोच हवा, ज्याच्या हातून काम होणार आहे. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानांची आकाशात टक्कर झाली, 349 माणसं गेली. कझाकस्तानच्या विमानाला 15,000 फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते त्याच्या खाली उतरलं. त्या विमानात दिल्लीशी इंग्रजीत बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा होता आणि विमान ज्यांच्या हातात होतं ते वेगळे होते. ही बातमी मी ड्युटीवर असताना वाचली आणि त्यानंतर पॉइंट्समनला, म्हणजे रुळांचे सांधे बदलणाऱ्याला, निरोप देताना मधला माणूस घेणं शक्यतो टाळलं. गोदामात हीच गोष्ट रोज घडते. भाचा क्लार्कला सांगतो, क्लार्क पोराला, पोरगा ड्रायव्हरला. ड्रायव्हरपर्यंत पोचेतो निरोपाची कानगोष्ट झालेली असते. मधला माणूस टाळता येत नसेल तर फोन त्याच्याच हातून ड्रायव्हरच्या कानाला लावा.

काल, परवा, उद्या आणि ‘कल’

नागपुरात एका टीममध्ये मराठी, वऱ्हाडी, हिंदी आणि छत्तीसगढी एकत्र नांदतात, आणि एकाच वाक्यात नांदतात. आपला ‘काल’ सरळ आहे. हिंदीतला ‘कल’ मागेही जातो आणि पुढेही. आपला ‘परवा’ही तसलाच, दोन्हीकडे तोंड असलेला. वाक्यात ‘होता’, ‘येईल’ असं क्रियापद असलं तर अर्थ लागतो. ‘परवाचा माल’ म्हटलं की संपलं.

आम्ही हे तिन्ही शब्द कामाच्या निरोपातून काढून टाकले. वार आणि तारीख, दोन्ही सांगायची. नुसती तारीख नको, नुसता वार नको. "गुरुवार, 16 तारीख." दोन्ही जुळले नाहीत तर ऐकणारा आपणहून टोकतो, "मामा, 16 ला तर शुक्रवार आहे." दोन्ही सांगायचे ते यासाठीच.

आकड्यांचंही तेच. मराठीत एकोणसत्तर, हिंदीत उनहत्तर. हिंदीत उनासी म्हणजे 79 आणि नवासी म्हणजे 89. पंख्याच्या आवाजात कोण काय ऐकेल सांगता येत नाही. म्हणून आकडे सुटे बोला. सहा-नऊ. सात-नऊ. आणि ‘पावणेतीन वाजता’ नको, ‘दोन पंचेचाळीस’ म्हणा. मला हे लिहिताना वाईट वाटतं, कारण पावणे आणि सव्वा हे माझ्या आईच्या तोंडचे शब्द. पण घरी बोलावं, गोदामात नको.

चार्ज

पाळी बदलताना काम हातातून निसटतं. जाणाऱ्याला घरची ओढ, येणाऱ्याला अजून चहा व्हायचा असतो. स्टेशनवर डायरीत लिहून, सही करून चार्ज द्यावा लागतो. तोंडी चार्ज हा चार्जच नव्हे. गोदामात आम्ही एक साधी वही ठेवली आणि तीनच शब्द ठरवले. अपुरं, बिघडलं, वाट. मागच्या महिन्यातलं एक पान असं होतं:

गुरुवार, 16. रात्री 9.00. अपुरं: यवतमाळच्या 38 पेट्या भरायच्या. बिघडलं: दोन नंबरचा काटा 400 ग्रॅम जास्त दाखवतो. वाट: वर्ध्याहून फोन यायचा, गाडी पाठवायची की नाही. चार्ज दिला. चार्ज घेतला.

खाली दोन सह्या. एवढं लिहायला चार मिनिटं लागतात. झालेल्या कामाचं काही लिहू नका, नाहीतर वही म्हणजे शाबासकीचं पुस्तक होतं आणि कोणी वाचत नाही. घेणाऱ्यानं वही मोठ्यानं वाचायची, मगच सही. काट्याचं हे एक वाक्य आधीच्या वर्षी कोणी लिहिलं नव्हतं, तेव्हा अख्खी रात्र चुकीच्या वजनावर माल गेला होता.

व्हॉट्सॲपचा ग्रुप

याबद्दल फार लिहीत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. स्टेशनवर मला मुख्यतः दोनच शेजारी होते, अलीकडचं स्टेशन आणि पलीकडचं, शिवाय गाड्या कधी कुठं सोडायच्या हे ठरवणारा कंट्रोलर. आमच्या ग्रुपात बावीस जण, म्हणजे आपसात बोलू शकणाऱ्या जोड्या 231. त्यात ‘कोणीतरी शटर बघा’ असा निरोप टाकला की बावीसही जण समजतात, दुसरा बघेल. निरोपाच्या सुरुवातीला एकाच माणसाचं नाव घाला. आवाजी निरोपात काम सांगू नका, गाडी चालवणारा तो अर्धाच ऐकतो. शुभ सकाळवाल्यांना वेगळा ग्रुप करून द्या. बस.

वाईट बातमी

सगळ्यात अवघड हेच, आणि यावर माझ्याकडे वहीसारखा उपाय नाही. पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल आली आणि खालच्या पेट्या भिजल्या. दोन हमालांना आठ दिवस माहीत होतं. ताकास तूर लागू दिली नाही. का? कारण त्याआधी एकानं फुटलेल्या बाटल्या दाखवल्या होत्या आणि त्याच्या हजेरीतून पैसे कापले गेले होते. सांगणाऱ्याचे पैसे कापले आणि लपवणारे सुटले, मग पुढचा कशाला सांगेल?

भाच्याशी माझं यावरून वाजलं. शेवटी एवढं ठरलं की ज्या दिवशी नुकसान झालं त्याच दिवशी सांगितलं तर कापायचं नाही. दुसऱ्या दिवशी आपण शोधून काढलं तर बोलू. पहिल्या महिन्यात नुकसानीच्या नोंदी एकदम वाढल्या आणि भाचा घाबरला. नुकसान वाढलं नव्हतं, दिसू लागलं होतं.

आणि पुन्हा विचारणाऱ्यावर चिडू नका. रेल्वेत कंट्रोलर चिडायचे, खोटं कशाला बोलू. पण शंका असली तर सिग्नल लालच ठेवायचा, हे शिकलेलं होतं. गाडी उशिरा गेली म्हणून मी बोलणी पुष्कळ खाल्ली आहेत, त्याचं काही वाटत नाही.

सुरुवात करायची तर सगळं एकदम करू नका. दिवसाची शेवटची गाडी घ्या, फक्त ती. तेव्हाच सगळे थकलेले असतात आणि तेव्हाच चुका होतात. पंधरा दिवस त्या एका गाडीला लेबलचे दोन आकडे विचारा. मुकादम आपणहून दुसऱ्या गाडीचे सांगू लागला की समजा रुळलं. आमच्याकडे पाच आठवडे लागले. तो आता आकडे सांगतो आणि वर मलाच विचारतो, "मामा, लिखा क्या?"

राहिला भाचा. परवाच, म्हणजे मंगळवारी, मी त्याला सांगितलं की गोंदियाची गाडी शुक्रवारी दोन पंचेचाळीसला निघेल, डिझेलचे पैसे आधी पाठव. तो म्हणाला, "हौ मामा." मी फोन धरूनच बसलो. तिकडून बर्डीच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "शुक्रवार, दोन पंचेचाळीस, गोंदिया. डिझेलचं काय म्हणत होते?"