पाटीची मागची बाजू

पहिलीत मला 'ळ' येत नव्हता. बाई पाटीवर काढून दाखवायच्या, मी त्यावर बोट फिरवायचो. मग ओल्या फडक्याने पाटी पुसून त्या म्हणायच्या, "आता तू काढ." पाटी वाळली की पुसलेल्या अक्षराची पांढुरकी रेघ पुन्हा दिसायला लागायची. मी त्या रेघेवरूनच पेन्सिल फिरवायचो. दोन दिवसांत बाईंच्या ते लक्षात आलं. काही न बोलता त्यांनी पाटी उलटी केली. मागची बाजू कोरी होती. माझा हात जागच्या जागी थांबला.

वयाच्या ४३व्या वर्षी कामाच्या गरजेपोटी संख्याशास्त्र शिकायला घेतलं, तेव्हा तो हात आठवला. धडा तीनदा वाचला होता, ओळी पिवळ्या रंगवल्या होत्या, पान उघडलं की सगळं ओळखीचं वाटायचं. पहिल्याच चाचणीत प्रमाण विचलनाचं, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते मोजण्याचं, सूत्र मांडता येईना. इतके दिवस मी पुसलेली रेघच गिरवत होतो.

म्हणून शाळा सुटून बरीच वर्षं झाल्यावर जे पुन्हा अभ्यासाला बसताहेत, त्यांना कळकळीने सांगतो: वाचून झालं की पुस्तक मिटा आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा. फार अडखळायला होतं, आणि त्यामुळे आपल्याला काही येतच नाही असं वाटतं. तिथे सोडू नका. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

विसरण्याची भीतीही थोडी बाजूला ठेवा. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून १८८५ साली निष्कर्ष मांडले. पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांत झपाट्याने जातं, पुढे तो वेग मंदावतो. मला त्यांचं दुसरं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं: विसरलेलं पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. शाळेतलं बीजगणित पार पुसलं गेलंय असं मी धरून चाललो होतो. दोन आठवड्यांत समीकरणं सुटायला लागली.

माझी उजळणी साधी आहे. दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी, मग पंधरवड्याने. दरवेळी आधी लिहायचं आणि मगच पुस्तक उघडायचं.

टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवलेला असतो. काल त्यातल्या एकावर सूत्र मांडताना भाजकातला 'वजा एक' पुन्हा राहिला. पुस्तकाशी ताडून पाहिलं, पुस्तक मिटलं आणि दुसरा कागद घेतला.